मे महिन्यातलं प्रेम एवढं का आठवतं?

कोकणात गाव आणि मुंबई-ठाण्यात घर असलेल्या माणसांना चाळिशीनंतर जरा बोलतं केलं, की एक गोष्ट हमखास निघते. कुठल्यातरी मे महिन्यातली. वय अठरा-एकोणीस, कॉलेजचं पहिलं-दुसरं वर्ष. गाव देवगडकडचं, नाहीतर गुहागरचं, नाहीतर श्रीवर्धनचं. समोरची व्यक्ती वाडीतलीच, किंवा शेजारच्या घरी सुट्टीला आलेली कुणाची तरी भाची नाहीतर पुतण्या. प्रकरण जेमतेम पंधरा-वीस दिवसांचं. पुढे काहीच झालं नाही. दोघांची लग्नं वेगवेगळीकडे झाली आणि ती चांगली चालली आहेत. तरी ते पंधरा दिवस असे सांगितले जातात, की विहिरीवर त्या दिवशी कुठल्या रंगाची बादली होती तेही सांगणाऱ्याला ठाऊक असतं. त्याच माणसाला गेल्या वर्षीच्या मे महिन्यात काय केलं ते विचारा. आठवत नाही.

‘पहिलं प्रेम असतंच तसं’ असं म्हणून हा विषय बहुतेक वेळा मिटवला जातो. पण आठवणी कशा बनतात, कशा टिकतात आणि कशा बदलतात यावर गेल्या शंभर वर्षांत बरंच काम झालंय, आणि त्यातून याचं बऱ्यापैकी समाधानकारक उत्तर मिळतं. माझं मत आधीच सांगून टाकतो: ही हुरहुर त्या व्यक्तीबद्दल फार थोडं सांगते. ती जास्त सांगते ते वयाबद्दल, मुदतीबद्दल आणि डोक्यातल्या रिकाम्या जागांबद्दल. आणि कोकणातल्या मे महिन्यात या तिन्ही गोष्टी एकाच वेळी जुळून येतात.

आधी वयाचं

चाळिशी ओलांडलेल्या माणसांना ‘आयुष्यातल्या आठवणी सांगा’ म्हटलं, तर त्या सगळ्या वर्षांमध्ये सारख्या वाटलेल्या नसतात. अगदी अलीकडच्या भरपूर असतात, लहानपणच्या थोड्या असतात, आणि साधारण 10 ते 30 या वयातल्या, त्यातही पंधरा ते पंचविशीच्या, अपेक्षेपेक्षा खूप जास्त असतात. आलेख काढला तर तिथे चक्क उंचवटा दिसतो. 1986 मध्ये डेव्हिड रुबिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या अभ्यासांतली आकडेवारी एकत्र करून तो दाखवला, आणि नंतर तो अनेक देशांत पुन्हा पुन्हा सापडला. कारणांबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत, पण दोन कारणं बहुतेकांना पटतात. या वयात बऱ्याच गोष्टी पहिल्यांदा होतात, आणि ‘मी कोण’ हे याच काळात ठरत असतं. पुढे आयुष्यभर स्वतःची ओळख सांगताना आपण याच वर्षांकडे वळतो. सारखं वळल्यामुळे ती वाट मळते.

म्हणजे तिशी-पस्तिशीत तोच समुद्र, तीच पुळण आणि तसंच कुणी भेटलं असतं, तरी त्याची एवढी लख्ख आठवण राहण्याची शक्यता कमी.

नवे दिवस मोठे असतात

मुंबईच्या मुलाचा गावातला एक दिवस बघा. सकाळी रहाटाचं पाणी, मग आगरात शिंपणं, दुपारी करवंदांना जाळीत शिरून हात ओरबाडून घेणं, काजूच्या बिया भाजताना उडणाऱ्या डिकापासून तोंड वाचवणं, संध्याकाळी पाखाडी उतरून खाडीवर, रात्री खळ्यात अंथरुणं. यातलं एकही काम तो डोंबिवलीत करत नाही. नवं काही घडलं, की मेंदूत डोपामीनची यंत्रणा जागी होते आणि हिप्पोकॅम्पस, म्हणजे नव्या आठवणी बसवणारा भाग, ते नोंदवून घ्यायला जास्त तयार असतो. ठरावीक दिवस मात्र एकमेकांत मिसळून जातात. म्हणून नंतर मागे वळून बघताना पंधरा नवे दिवस अख्ख्या सत्रापेक्षा मोठे वाटतात.

त्यात प्रेमात पडणं आलं. 2005 मध्ये नुकत्याच प्रेमात पडलेल्या 17 जणांच्या मेंदूचे स्कॅन काढून हेलन फिशर यांच्या गटाने एक अभ्यास प्रसिद्ध केला. प्रिय व्यक्तीचा फोटो दाखवला की बक्षीस मिळाल्यावर जे भाग उजळतात तेच उजळत होते. ही सुरुवातीची अवस्था काही महिने टिकते, नंतर ती निवते आणि गॅसचा नंबर, आजारपणं, सासरचे पाहुणे असं नेहमीचं आयुष्य सुरू होतं. सुट्टीतलं प्रकरण या पुढच्या अवस्थेपर्यंत कधी पोचतच नाही. अख्खंच्या अख्खं त्या पहिल्या झळाळीत पार पडतं. त्याची तुलना वीस वर्षांच्या संसाराशी करणं हे मुळातच अन्यायाचं आहे. संसारावर, अर्थात.

जाता जाता साकवाबद्दल, म्हणजे ओढ्या-खाडीवरच्या छोट्या पुलाबद्दल. 1974 मध्ये डटन आणि एरन या दोघांनी कॅनडात एका हलणाऱ्या, खोल दरीवरच्या झुलत्या पुलावर एक प्रयोग केला. पूल ओलांडणाऱ्या पुरुषांना एक तरुणी थांबवायची, चार प्रश्न विचारायची आणि ‘आणखी माहिती हवी असेल तर फोन करा’ म्हणून नंबर द्यायची. नंबर घेतलेल्या 18 जणांपैकी 9 जणांनी नंतर फोन केला. जवळच्याच एका भक्कम पुलावर तेच केलं, तेव्हा 16 पैकी फक्त दोघांनी. छाती पुलामुळे धडधडत होती, पण तिचं श्रेय पोरीला मिळालं, असा त्याचा अर्थ लावला गेला. या अर्थावर पुढे वादही झाले. तरी भरतीच्या वेळी हलत्या साकवावरून कुणाचा हात धरून पलीकडे गेलेल्यांनी हे एकदा मनात घोळवून बघावं.

मुदत

रेल्वेचं आरक्षण पूर्वी 120 दिवस आधी उघडायचं, नोव्हेंबर 2024 पासून 60 दिवस आधी उघडतं. दोन्ही हिशेबांनी परतीचं तिकीट प्रेमात पडण्याच्या आधीच काढलेलं असतं. कोकणात इतरही सगळं काही मुदतीचंच. 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत यांत्रिक मासेमारी बंद, म्हणून मेअखेर होड्या वर ओढून झावळ्यांनी शाकारायची घाई. 7-8 जूनला मृग. त्याआधी लाकडं आत, आमसुलं वाळवून बरणीत, हापूसच्या शेवटच्या पेट्या रवाना. अख्खं गाव ‘पावसाच्या आधी’ या दोन शब्दांवर धावत असतं. त्या दोघांनाही शेवटची तारीख पहिल्या दिवसापासून माहीत असते.

गोड आणि कडू एकाच वेळी कसं वाटतं, याचं मूळ इथे आहे. बराच काळ मानसशास्त्रात असं मानलं जायचं, की आनंद आणि दुःख ही एकाच पट्टीची दोन टोकं आहेत, त्यामुळे माणूस एका वेळी एकाच टोकाकडे असणार. 2001 मध्ये जेफ लार्सन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांना विचारून पाहिलं. एरवीच्या दिवशी ‘आत्ता आनंदही वाटतोय आणि वाईटही वाटतंय’ असं सांगणारे थोडेच निघाले. पदवीदानाच्या दिवशी आणि वसतिगृह सोडण्याच्या दिवशी मात्र हे प्रमाण जवळपास निम्म्यावर गेलं. नंतरच्या एका अभ्यासात लोकांना आपल्या जिवाभावाच्या जागी असल्याची कल्पना करायला सांगितली, आणि काहींना सांगितलं की तुम्ही इथे शेवटचे आला आहात. या दुसऱ्या गटातल्यांच्या भावना जास्त मिश्र होत्या. म्हणजे ‘संपणार आहे’ एवढं कळणंच पुरेसं असतं.

त्यामुळे ही हुरहुर वियोगानंतर वरून चिकटत नाही. ती त्या दिवसांत आधीपासूनच होती. खळ्यात पत्ते खेळताना, शेवटचा आठवडा सुरू झाल्यावर, हसता हसता पोटात जे काही होत होतं, ते तेव्हाच स्मृतीत गेलं.

प्रत्यक्षात घडलं किती?

हा प्रश्न लोकांना आवडत नाही, पण सगळ्यात मजेशीर भाग इथेच आहे.

कोकणातल्या वाडीत एकांत नावाची चीज नसते. गडग्यापलीकडून कुणी तरी बघत असतंच. पाणंदीत अनोळखी पोर दिसला, तर मालवणी मुलखात पहिला प्रश्न येतो, “कोणाचो रे झील तू?” आणि उत्तर दिलं की संध्याकाळपर्यंत आजीला बातमी. अशा ठिकाणचं प्रेम म्हणजे बहुतेक वेळा काय असतं? विहिरीवर एकदा कळशी उचलून देणं. पळसाच्या पानाच्या द्रोणात करवंदं. जत्रेत गर्दीत चार पावलं बरोबरीने. दशावतार बघताना मागे वळून तीनदा पाहणं, त्यातल्या दोनदा नजर चुकणं. जमा करून मोजलं तर एकमेकांशी सलग बोलणं तासा-दोन तासांचं भरेल. बाकीचा सगळा वेळ पडवीत लोळून पुढचं-मागचं रचण्यात गेलेला.

आणि रचलेलं व घडलेलं यांच्यात मेंदू आपण समजतो तेवढा स्पष्ट फरक ठेवत नाही. 2007 मध्ये लंडनमधल्या संशोधकांनी हिप्पोकॅम्पसला इजा झालेल्या, त्यामुळे नव्या आठवणी न बनणाऱ्या रुग्णांना काही प्रसंग कल्पायला सांगितले. त्यातला एक होता सुंदर खाडीकाठी पांढऱ्या वाळूत पडून राहण्याचा. बहुतेक रुग्णांना ते जमलं नाही. निळं आकाश, पाण्याचा आवाज असे सुटे तुकडे ते सांगत, पण त्यांचा मिळून एक देखावा होत नसे. जे यंत्र मागचं आठवतं, तेच न घडलेलंही उभं करतं, असं यातून दिसलं. दोन्ही माल एकाच कारखान्यातून निघतो म्हटल्यावर वर्षांनंतर शिक्के पुसट होणारच.

शिवाय रिकाम्या जागा भरायची मेंदूला खोड आहे. केंब्रिजचे फ्रेडरिक बार्टलेट यांनी इंग्रज वाचकांना उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची एक लोककथा वाचायला दिली आणि काही काळाने, मग आणखी काही काळाने ती पुन्हा सांगायला लावली. 1932 मध्ये त्यांनी हे काम प्रसिद्ध केलं. दरवेळी कथा आखूड होत गेली, न कळलेले विचित्र तपशील गळाले, तिथल्या डोणीची साधी होडी झाली, सील या सागरी प्राण्यांच्या शिकारीचं मासे पकडणं झालं. कुणी मुद्दाम खोटं बोलत नव्हतं. प्रत्येकजण आपल्याला पटेल अशी गोष्ट आठवत होता.

इथे आंबापोळीकडे बघायला हवं. साठं घालताना रायवळ आंब्याचा रस तूप लावलेल्या ताटात पातळ पसरतात आणि उन्हात ठेवतात; कावळे हाकायला एक पोर काठी घेऊन शेजारी. संध्याकाळी वरची साय सुकते, बोट लावलं तर चिकटत नाही. दुसऱ्या दिवशी त्याच्यावर नवा रस, पुन्हा ऊन. असे पाच-सहा थर झाले की सुरीच्या टोकाने कडा सोडवतात. तेव्हा तुकडा हातात घेऊन कितीही निरखलं तरी मंगळवारचा रस कुठे संपला आणि बुधवारचा कुठे सुरू झाला ते सांगता येत नाही. शिवाय नवा थर पडला, की खालचा वाळलेलाही थोडा ओला होतो.

आठवणीचं जवळपास हेच होतं. 2000 मध्ये करीम नादर, ग्लेन शाफे आणि जोसेफ लडू यांनी उंदरांना एका आवाजाची भीती शिकवली. दुसऱ्या दिवशी तो आवाज ऐकवून ती आठवण जागी केली आणि लगेच मेंदूच्या भीतीशी संबंधित भागात प्रथिनं बनणं रोखणारं औषध टोचलं. भीती जवळजवळ गेली. आवाज न ऐकवता नुसतं औषध दिलं तर काहीच फरक पडला नाही. पक्की झालेली आठवण बाहेर काढली की ती काही काळ मऊ असते आणि पुन्हा नव्याने बसवावी लागते, असा याचा अर्थ. माणसांच्या आयुष्यातल्या आठवणी अशा औषधाने पुसता येत नाहीत. पण प्रत्येक वेळी आठवताना आजची मनःस्थिती, नंतर पाहिलेलं-वाचलेलं, मित्रांना सांगताना केलेली सजावट त्यात मिसळते, हे मात्र बऱ्याच प्रयोगांतून पक्कं झालंय. आणि ही गोष्ट तर आपण वीस वर्षं दर मे महिन्यात बाहेर काढलेली असते! बादलीचा तो रंग बहुधा कुठल्या तरी वरच्या थरातला आहे.

कडू झिरपून जातं, शेवट राहतो

रोजनिशी लिहायला लावून केलेल्या अभ्यासांत एक गोष्ट सातत्याने आढळते: वाईट प्रसंगांशी जोडलेली भावना चांगल्या प्रसंगांच्या भावनेपेक्षा लवकर फिकी पडते. घामोळं, डास, रात्रभर गेलेली वीज, तिने दुसऱ्याच कुणाशी हसून बोलल्याचा दिवसभराचा तळतळाट, हे सगळं घडल्याचं आठवतं, पण झोंबत नाही.

दुसरं, मेंदू अनुभवाची लांबी मोजत नाही. डॅनियल कानेमन (2002 चं अर्थशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं) यांच्या गटाने 1993 मध्ये 32 जणांना हात थंड पाण्यात बुडवायला लावला. एकदा 14 अंशांच्या पाण्यात 60 सेकंद. दुसऱ्यांदा तेच 60 सेकंद, आणि वर आणखी 30 सेकंद, ज्यात पाणी हळूहळू 15 अंशांपर्यंत गेलं. ‘यातलं कुठलं पुन्हा करशील?’ यावर 22 जणांनी जास्त वेळाचा, म्हणजे एकूण जास्त त्रासाचा प्रकार निवडला, कारण त्याचा शेवट जरा बरा होता. सगळ्यात तीव्र क्षण आणि शेवट, या दोहोंवर आपण अनुभवाला गुण देतो. अनेक दिवसांच्या सुट्टीला हा नियम इतका चोख लागू पडत नाही असंही पुढे दिसलं, पण लांबीकडे दुर्लक्ष होतं हे तिथेही खरं निघालं. पंधरा दिवसांचं प्रेम आठवणीत दोन वर्षांच्या प्रेमापुढे कमी पडत नाही, ते यामुळे. त्याला शेवटही झकास मिळतो. भांडण नाही, कंटाळा नाही. मुक्कामी एसटी पहाटे सुटते, कुणी तरी वळणापर्यंत उभं असतं, संपलं.

वास, आणि मागे राहिलेला माणूस

डोळ्यांनी पाहिलेलं, कानांनी ऐकलेलं आधी थॅलॅमस नावाच्या भागातून जातं आणि मग पुढे वाटलं जातं. वासाला हा मुक्काम लागत नाही. नाकातून निघालेला संदेश थेट भावना आणि आठवणी सांभाळणाऱ्या भागांच्या शेजारी पोचतो. आढीतल्या पेंढ्याचा वास, भाजलेल्या काजूचा धूर, वाळत घातलेली मासळी, केसांतली ओवळं. ओवळं, म्हणजे बकुळ, सुकली तरी वास सोडत नाहीत. अबोलीला वासच नाही. एवढी सुरेख वेणी, पण आठवणीच्या कामाला निरुपयोगी!

वासाची आणखी एक खोड अशी, की त्याची पहिली गाठ घट्ट बसते. पण ती घट्ट राहायची तर तो वास नंतर फारसा भेटता कामा नये. इथे त्या दोघांची गोष्ट वेगळी होते. जो मुंबईला परतला, त्याला आढीचा वास वर्षातून एकदा, कुठल्या तरी पेटीतून येतो, आणि तो त्याच मे महिन्याला बांधलेला असतो. जी गावात राहिली, तिला तो दरवर्षी दोन महिने रोज येतो. त्याच विहिरीवर तिने नंतर हजारो कळशा भरल्या, त्याच पाखाडीने मुलाला बालवाडीत सोडलं. जुन्या आठवणीवर नव्या आठवणी चढल्या, की जुनी शोधणं अवघड जातं. हे स्मृतीच्या अभ्यासातलं जुनं आणि पक्कं तत्त्व आहे. म्हणून ‘तिलाही मी अजून आठवत असेन’ अशी चाकरमान्यांची जी गोड समजूत असते, ती मला जरा शंकास्पदच वाटते. तिची लेकच मुंबईला गेली असेल तर त्या लेकीला तो वास कुठल्या दुसऱ्याच गोष्टीला बांधलेला येत असेल.

अपुऱ्या कामाची आठवण जास्त राहते, म्हणून अपुरं प्रेम टिकतं, असं स्पष्टीकरणही बरेचदा देतात. ब्लूमा झायगार्निक यांनी 1927 मध्ये ते मांडलं होतं. मी त्यावर फार भार टाकणार नाही, कारण नंतरच्या प्रयोगांत तो परिणाम भरवशाने दिसलेला नाही. अपुरं काम पुन्हा हाती घ्यावंसं वाटतं, हे मात्र जास्त टिकून राहिलंय. रात्री अकरा वाजता फेसबुकवर जुनं आडनाव टाकून बघणारी बोटं त्यातलीच.

मग शोधावं का? इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी 2006 पासून दाखवलंय, की जुन्या आठवणींचे उमाळे बहुतेक वेळा एकटं वाटताना किंवा मन खाली असताना येतात, आणि आल्यावर माणसाला आपण कुणाचे तरी आहोत असं वाटायला मदत करतात. म्हणजे उमाळा हा आजच्या तब्येतीचा निरोप असतो. शोधायला निघालेला माणूस पत्ता मात्र तिकडचा विचारत बसतो. आपण ज्याला शोधतोय ते बरंचसं आपणच घातलेलं आंब्याचं साठ आहे. समोर येणार ते पन्नाशीचं, गुडघेदुखीचं, भलतंच सज्जन माणूस, ज्याला कळशीचं काहीच आठवत नसेल. चहा प्यायला हरकत नाही.

आत्ताच्या पोरांची मात्र पंचाईत आहे. त्यांच्या मे महिन्याला पहाटेची एसटी नाही. ती सुटते, पण पनवेल यायच्या आत तीस मेसेज झालेले असतात. जूनमध्ये रोज, जुलैमध्ये एकाआड एक, मग ‘हम्म’, मग नुसत्या निळ्या टिका. शिवाय फोटो इतके, की रिकाम्या जागा भरायला वावच नाही; बादली हिरवी होती हे पुराव्यानिशी सिद्ध. गणपतीला दोघं पुन्हा गावात येतात तेव्हा आरतीत समोरासमोर उभे असतात, आणि आपलं अजून चालू आहे की संपलं, हे दोघांनाही नीट सांगता येत नाही.